युरोपीय नांवें व आडनांवें : अर्थनिर्णयाच्या पद्धतीचें परीक्षण

मराठी दप्तरांतील कागद वाचणारास युरोपीय नांवांची गांठ वारंवार पडते. पेशवाईंतील पत्रांत ‘अलपिष्टन’, ‘मालीट’, ‘इष्टुर’ अशीं नांवें येतात. तीं ओळखून एल्फिन्स्टन, मॅलेट, स्ट्युअर्ट अशीं दुरुस्त करून घेण्याचा मोह संपादकास होतो. मग तो याच्याही पुढें एक पाऊल टाकतो. एखादा इंग्रजी नामकोश उघडून त्या आडनांवाचा अर्थ तळटीपेंत देतो, आणि त्या अर्थावरून त्या गृहस्थाच्या कुळाविषयीं व मूळ देशाविषयीं एखादें अनुमानही करून ठेवतो. जुनीं पत्रें, स्वाक्षऱ्या व थडग्यांवरील लेखांच्या नकला जमविणाऱ्यांच्या टिपणांतही असा प्रकार होण्याचा संभव असतो. नामकोश हा हाताळण्यास सोपा ग्रंथ आहे. परंतु त्याचें प्रमाण कोठपर्यंत मानावें याचा विचार होणें अवश्य आहे.

इंग्रजी भाषेंत या विषयावर गेल्या चारशें वर्षांत जे मुख्य ग्रंथ झाले त्यांची पद्धति पारखून पाहणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : नांवाचा अर्थ हा एक प्रश्न व नांव धारण करणाऱ्याचा इतिहास हा दुसरा प्रश्न. पहिल्याचें उत्तर त्या नांवाच्या सर्वांत जुन्या लेखी रूपांत शोधावयाचें. दुसऱ्याचें उत्तर पिढ्यांच्या अखंड लेखी साखळींत. या दोहोंची गल्लत हा नामविषयक वाङ्मयाचा सर्वांत जुना व सर्वांत चिवट दोष होय.

(१) ‘इष्टुर’ या नांवाचा दाखला

आपल्या ओळखीचेंच नांव प्रथम घेऊं. वडगांवच्या मोहिमेंत इ. स. १७७९ च्या जानेवारींत कार्ले येथें पडलेला कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट महाराष्ट्रांत ‘इष्टुर फांकडा’ या नांवानें प्रसिद्ध आहे. ‘स्ट’ या जोडाक्षराच्या आधीं मराठी जिभेनें ‘इ’ घातला, यास केवळ अपभ्रंश म्हणून सोडून देणें बरोबर नाहीं. हाच व्यापार युरोपांतही झालेला आहे. ‘मुकुट’ किंवा ‘पुष्पमाला’ या अर्थाचें ग्रीक ‘स्टेफानोस’ हें नांव स्पेनमध्यें ‘एस्तेबान’ झालें, आणि फ्रान्समध्यें ‘एस्तिएन’ होऊन पुढें मधला सकार गळून ‘एतिएन’ झालें. म्हणजे इष्टुर हें रूप नियमानेंच बनलेलें आहे.

आतां मूळ शब्द पाहूं. जुन्या इंग्रजींत ‘स्टिग्-वेअर्द’ असा शब्द होता. ‘वेअर्द’ म्हणजे राखणदार, हें निर्विवाद आहे. ‘स्टिग्’ या शब्दाचें डुकरांच्या खुराड्यास असलेल्या आजच्या इंग्रजी शब्दाशीं साम्य असल्यामुळें ‘डुकरांचा राखणदार’ असा अर्थ पुष्कळ काळ गमतीनें सांगितला गेला, आणि कांहीं पुस्तकांत तो गंभीरपणें छापलाही गेला. परंतु हा शब्द मोठ्या घराच्या किंवा राजवाड्याच्या कारभाऱ्यास लावला जात असे. तेव्हां येथें ‘स्टिग्’चा अर्थ घर किंवा दिवाणखाना असा घेणें प्राप्त होतें. आजच्या शब्दाशीं साम्य पाहून केलेली व्युत्पत्ति कशी फसते याचा हा चांगला मासला आहे.

स्कॉटलंडांत हा शब्द आडनांव कसा झाला तेंही पाहण्यासारखें आहे. बाराव्या शतकांत राजा पहिला डेव्हिड याच्या काळीं वॉल्टर नांवाचा, ॲलनचा पुत्र, स्कॉटलंडांत येऊन राज्याचा मुख्य कारभारी झाला. हें पद त्याच्या वंशांत चाललें व पुढील पिढ्यांत पदाचेंच आडनांव बनलें. आपल्याकडे फडणीस, चिटणीस, पोतनीस हीं पदें आडनांवें झालीं, त्यांतलाच हा प्रकार. या वंशांतील रॉबर्ट इ. स. १३७१ मध्यें स्कॉटलंडचा राजा झाला. सोळाव्या शतकांत राणी मेरी हिचें बाळपण फ्रान्समध्यें गेलें. फ्रेंच लेखनांत ‘डब्ल्यू’ हें अक्षर परकें असल्यामुळें आडनांवाचें लेखन बदललें व तें नवें लेखन राजघराण्याबरोबर रूढ झालें.

या घराण्याच्या उगमाविषयीं दोन मतें होतीं. इ. स. १५२७ मध्यें हेक्टर बोइस यानें आपल्या स्कॉटलंडच्या इतिहासांत बँको नांवाच्या सरदारापासून या राजकुळाची उत्पत्ति सांगितली. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकामुळें ती कथा जगभर झाली. तिला एकही समकालीन लेखाचा आधार नव्हता. जे. होरेस राउंड यानें १९०१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दानपत्रांच्या आधारें असें दाखविलें कीं, वॉल्टरचे पूर्वज ब्रिटनी प्रांतांतील दोल येथील धर्मपीठाचे वंशपरंपरागत कारभारी होते. म्हणजे शब्द इंग्रजी, कूळ ब्रेटन, राज्य स्कॉटलंडचें, लेखन फ्रेंच आणि मराठी कागदांत ‘इष्टुर’, अशी ही पांच पदरी गोष्ट आहे. नामकोशांतील एका ओळीच्या अर्थानें यांतील एकच पदर उलगडतो. शिवाय सर्वच स्ट्युअर्ट या राजकुळाचे नव्हेत. लहानमोठ्या घरांच्या कारभाऱ्यांसही हें नांव पडलेलें आहे. कार्ल्यास पडलेला वीर कोणत्या शाखेचा, हें त्याच्या आडनांवाच्या अर्थावरून कधींच ठरणार नाहीं.

(२) व्यक्तिनामांचा अर्थ

युरोपांतील व्यक्तिनामांचे ठोकळ मानानें तीन सांठे आहेत : बायबलांतून आलेलीं हिब्रू व अरामी नांवें, ग्रीक व लॅटिन नांवें, आणि जर्मानिक, केल्टिक, स्लाव्ह इत्यादि लोकांचीं देशी नांवें. पहिल्या सांठ्यांतील नांवांचा अर्थ बहुधा स्पष्ट असतो. ‘योहानान’ म्हणजे ‘देवानें कृपा केली’. त्याचीं जॉन, जां, हुआन, जुआंव, जोव्हान्नी, इव्हान, यान, शॉन हीं सर्व रूपें. ‘पीटर’ हें तर अरामी ‘केफा’ म्हणजे ‘खडक’ या शब्दाचें ग्रीक भाषांतर आहे. परंतु पंधराव्या शतकांतील इंग्रज शेतकऱ्यानें मुलाचें नांव जॉन ठेवलें तें हिब्रू अर्थ मनांत आणून नव्हे. संताचें, आजोबाचें किंवा धर्मपित्याचें नांव म्हणून ठेवलें. अर्थ शब्दाचा असतो, हेतु ठेवणाऱ्याचा असतो.

जर्मानिक नांवांत ही गोष्ट अधिकच उघड होते. तीं बहुधा दोन पदांचीं असतात : विल्हेल्म म्हणजे ‘इच्छा’ व ‘शिरस्त्राण’, रॉबर्ट म्हणजे ‘कीर्ति’ व ‘तेजस्वी’. कोशकार या दोन पदांचा समास सोडवून ‘इच्छेचें शिरस्त्राण’ असा अर्थ लावूं पाहतात. पण जुन्या इंग्रजींत ‘विगफ्रिथ’ असें नांव सांपडतें. त्याचीं पदें ‘युद्ध’ व ‘शांति’ अशीं आहेत. याचा विग्रह कोण व कसा करणार? या कोड्याची किल्ली एका लेखांतच आहे. वुस्टरचा बिशप संत वुल्फस्टन इ. स. १०९५ मध्यें वारला. माम्सबरीच्या विल्यमनें लिहिलेल्या त्याच्या चरित्रांत असें स्पष्ट सांगितलें आहे कीं, मुलाचें नांव आईच्या नांवाचें पहिलें पद व बापाच्या नांवाचें शेवटचें पद जोडून केलें. आई वुल्फगिफू, बाप एथेलस्टन, मुलगा वुल्फस्टन. ‘लांडगा’ व ‘दगड’ हे शब्द त्यांत आहेत खरे. पण ‘लांडग्याचा दगड’ असा अर्थ कोणाच्याही मनांत नव्हता. नांव हें येथें आईबापांचें स्मारक आहे. ज्या कोशांत पदांचे अर्थ देऊन ही घडण सांगितलेली नसते, तो कोश वाचकास अर्धी माहिती देऊन पुरी दिशाभूल करतो.

इ. स. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडांतील देशी नांवें फार वेगानें मागें पडलीं. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, ह्यू हीं राज्यकर्त्यांचीं नांवें दोन शतकांत खेड्यापाड्यांतील कुळांचीं नांवें झालीं. जुन्या नांवांपैकीं एडवर्ड व एडमंड हीं टिकलीं तीं मुख्यतः त्या नांवांचे राजे संत मानले गेल्यामुळें. तिसऱ्या हेन्रीनें इ. स. १२३९ व १२४५ मध्यें जन्मलेल्या आपल्या दोन पुत्रांस तींच नांवें दिलीं. तेव्हां तेराव्या शतकाच्या एखाद्या यादींत ‘रॉबर्ट’ आढळला म्हणून तो नॉर्मन रक्ताचा ठरत नाहीं. नांवावरून त्या काळची रूढि कळते, वंश कळत नाहीं.

उलट दिशेचाही एक दाखला ध्यानांत ठेवावा. ‘कार्ल’ म्हणजे साधा स्वतंत्र माणूस. त्या नांवाचा सम्राट शार्लमेन इतका मोठा झाला कीं, स्लाव्ह भाषांत ‘क्राल’, ‘क्रूल’ हे ‘राजा’ या अर्थाचे शब्द त्याच्या नांवावरून आले. सीझर या नांवाचे ‘कैसर’ व ‘झार’ झाले. येथें शब्दानें माणसास अर्थ दिला नाहीं. माणसानें शब्दास दिला.

(३) आडनांवें कशीं ठरलीं

विल्यम कॅम्डेन यानें आपल्या १६०५ च्या ग्रंथांत आडनांवांचा उगम फ्रान्समध्यें इ. स. १००० च्या सुमारास व इंग्लंडांत नॉर्मन विजयाच्या आगेंमागें मानला. आजच्या संशोधनानें त्याचें हें अनुमान मोठ्या प्रमाणांत टिकलें आहे. फक्त इतकें जोडावें लागतें कीं, ‘आडनांव असणें’ व ‘तें वंशपरंपरा चालणें’ यांत कित्येक पिढ्यांचें अंतर होतें. १०८६ च्या डूम्सडे बुकांत मोठ्या जमीनदारांस उपपदें दिसतात, पण बापाचें उपपद मुलास लागेलच असें नाहीं. १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्यांतही कोणाचें आडनांव त्याच्या धंद्याशीं जुळतें, तर कोणाचें जुळत नाहीं. म्हणजे त्या वेळीं कांहीं नांवें पक्कीं झालीं होतीं, कांहीं अजून मऊ होतीं.

सरकारी व धार्मिक दप्तरांनीं तीं पक्कीं केलीं. १४१३ च्या कायद्यानें इंग्लंडांत दाव्याच्या कागदांत प्रतिवादीचा दर्जा किंवा धंदा व ठिकाण लिहिणें आवश्यक झालें. १५३८ पासून प्रत्येक पॅरिशांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद सुरू झाली. फ्रान्समध्यें १५३९ च्या राजाज्ञेनें बाप्तिस्म्याच्या नोंदी सक्तीच्या केल्या, आणि १७९४ च्या कायद्यानें जन्मनोंदींतील नांवाशिवाय दुसरें नांव धारण करण्यास बंदी घातली. वेल्समध्यें मात्र ‘अमक्याचा पुत्र’ हीच रीत पुष्कळ काळ चालली. तेथें ‘आप्’ म्हणजे पुत्र. ‘आप् रिस’चें प्राइस, ‘आप् हाउएल’चें पॉवेल, ‘आब् एव्हन’चें बेव्हन झालें. आइसलंडांत तर आजही बहुतेकांस आडनांव नाहीं. बापाचें किंवा आईचें नांव लावतात, आणि १९२५ च्या कायद्यानें नवीं कुलनामें घेण्यास तेथें बंदी झाली.

या आडनांवांचे वर्ग साधारणतः चार : बापाच्या नांवावरून, ठिकाणावरून, धंद्यावरून किंवा पदावरून, आणि टोपणनांवावरून. वर्ग करणें सोपें. नांव कोणत्या वर्गांत घालावयाचें हें कठीण. लोहाराचेंच उदाहरण घ्या. इंग्रजी स्मिथ, जर्मन श्मिट, फ्रेंच लफेव्हर, हंगेरियन कोव्हाच, रशियन कुझ्नेत्सोव्ह हीं सर्व लोहाराचीं नांवें. याच माळेंत पोर्तुगीज ‘फेरैरा’ ओवण्याचा मोह होतो, कारण त्यांतही ‘लोखंड’ आहे. परंतु फेरैरा हें मुळांत गांवाचें नांव. लॅटिन ‘फेरारिया’ म्हणजे लोखंडाची खाण किंवा कारखाना, यावरून पोर्तुगालांतील पुष्कळ ठिकाणांस तें पडलें व ठिकाणावरून माणसांस लागलें. स्पॅनिश ‘एरेरा’ची हीच कथा. अर्थाचें साम्य खरें असूनही वर्ग चुकला, आणि वर्ग चुकला म्हणजे त्यावर रचलेला इतिहासही चुकला.

(४) लिपीमुळें झालेलीं नांवें

हस्तलिखितें हाताळणाऱ्यांस जी गोष्ट सर्वांत जवळची वाटेल ती आतां सांगतों. युरोपांतील कित्येक आडनांवांचा आजचा उच्चार किंवा लेखन लेखकांच्या लकबींतून व वाचकांच्या चुकींतून जन्मलेलें आहे.

फ्रेंच ‘लफेव्हर’ म्हणजे लोहार. मूळ लॅटिन ‘फाबेर’. उच्चारांत ‘ब’ केव्हांच नाहींसा झाला होता, पण विद्वान् कारकुनांनीं लॅटिनची आठवण ठेवून लेखनांत तो परत घातला. त्या काळच्या लिपींत ‘यू’ व ‘व्ही’ या अक्षरांत भेद नव्हता. पुढें ज्यांनीं तें अक्षर स्वर म्हणून वाचलें, त्यांनीं ‘लफेब्युर’ असें नवेंच आडनांव निर्माण केलें. तें आज कित्येक कुटुंबांचें खरें आडनांव आहे. भाषेच्या इतिहासांत त्यास आधार नाहीं. आधार आहे तो फक्त कागदावरील एका संदिग्ध अक्षराचा.

स्कॉटलंडांतील ‘मेन्झिस’ हें दुसरें उदाहरण. नॉर्मंडीतील मेनिएर या गांवावरून तें आलें. स्कॉट लेखनांत ‘योख’ नांवाचें एक जुनें अक्षर होतें व त्याचा ध्वनि ‘य’ किंवा ‘ग’ यांच्या जवळचा होता. छापखान्यांत त्याचा खिळा नव्हता, म्हणून आकारानें सारखें दिसणारें ‘झेड’ घालूं लागले. माहितगार स्कॉट आजही त्याचा ‘मिंगिस’ असा उच्चार करतात. बाकीचें जग छापलेलें वाचतें. ‘डॅल्झिएल’ असें दिसणारें आडनांव ‘डीएल’ असें उच्चारलें जातें तेंही याच कारणानें.

तिसरें उदाहरण थोडें हास्यास्पद आहे. इंग्लंडांतील कायद्याच्या लेखनांत मोठा ‘एफ’ काढतांना दोन लहान ‘एफ’ जोडल्यासारखें अक्षर निघे. पुढें कांहीं घराण्यांनीं तें खरोखरच दोन अक्षरें आहेत असें समजून आपलें आडनांव दोन लहान ‘एफ’नीं लिहिण्याचा आग्रह धरला व तो पुरातन कुलीनतेचें चिन्ह मानला. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, शब्द तोडून लिहीत नाहींत, म्हणून एकाच नांवाचीं दोन वाचनें कशीं होतात हें आपणांस ठाऊक आहे. एखाद्यानें मोडींतील लफ्फ्यास अक्षर समजून त्यावर वंशाचा अभिमान बांधावा, तसाच हा प्रकार झाला.

(५) ग्रंथांचें परीक्षण

या तीन कसोट्या, म्हणजे सर्वांत जुनें रूप, त्याचें स्थळ व काल, आणि आजच्या धारकापर्यंतची साखळी, लावून मुख्य ग्रंथ पाहूं.

कॅम्डेन हा पहिला. जुने कागद पाहून बोलणें ही त्याची संवय, आणि ठिकाणावरून आलेलीं नांवें त्यानें फार मार्मिकपणें ओळखलीं. परंतु भाषाशास्त्र त्या काळीं नव्हतें. व्यक्तिनामांच्या अर्थांत तो पूर्वींच्या लेखकांवर विसंबतो. मार्क ॲन्टनी लोअर याचे १८४२ व १८६० चे ग्रंथ माहितीनें भरलेले आहेत. पण ऐकीव कथा व लेखी पुरावा यांस त्यानें एकाच ताटांत वाढलें आहे. शार्लट यंग हिचा १८६३ चा व्यक्तिनामांचा इतिहास वाचनीय खरा. तथापि अर्थ देण्याच्या उत्साहांत तिनें समासांचे विग्रह फार सढळ हातानें केले.

रॉबर्ट फर्ग्युसन याचा दोष निराळ्या जातीचा आहे. १८५८ पासून १८८३ पर्यंत त्यानें जे ग्रंथ लिहिले त्यांत इंग्रजी आडनांवांचा फार मोठा भाग प्राचीन जर्मानिक व्यक्तिनामांपासून काढला. आजचें रूप घ्यावयाचें, हजार वर्षांपूर्वीचें एखादें सारखें दिसणारें नांव शोधावयाचें व मधल्या सात-आठ शतकांवर पूल न बांधतां उडी मारावयाची, ही त्याची रीत. विद्वत्ता आहे, पण ती एका सिद्धान्ताच्या दावणीला बांधलेली आहे. याच काळांत जर्मनींत फ्योर्स्टेमान यानें १८५६ मध्यें जुन्या जर्मन व्यक्तिनामांचा जो कोश काढला, त्यांत प्रत्येक रूपाचा लेखी आधार दिला. त्यामुळें त्याचे अर्थ बदलले तरी संग्रह उपयोगी राहिला. आधार देणाऱ्याची चूकही पुढील संशोधकाच्या कामाला येते. आधार न देणाऱ्याचें बरोबर उत्तरही फुकट जातें.

चार्ल्स बार्ड्सले यानें इंग्रजी वाङ्मयांत हा वळण-बिंदु आणला. १८७३ चा त्याचा ग्रंथ व त्याच्या मृत्यूनंतर १९०१ मध्यें निघालेला कोश, या दोहोंत तेराव्या शतकांतील हंड्रेड रोल्स व १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या यांतील प्रत्यक्ष नोंदी दिल्या आहेत. पी. एच. रीनी याच्या १९५८ च्या कोशानें भाषाशास्त्राची शिस्त आणून हें काम पुष्कळच शुद्ध केलें. व्यक्तिनामांच्या बाबतींत हाच नोंदी देण्याचा मार्ग विदीकोम हिच्या १९४५ च्या कोशानें धरला होता. तरी रीनीच्या ग्रंथांतही एक खिंडार राहिलें. ससेक्सच्या तेराव्या शतकांतील नोंद देऊन लँकेशायरांतील आजच्या आडनांवाचा अर्थ सांगणें कितपत ग्राह्य? मध्ययुगांतील असंख्य उपपदें त्या माणसाबरोबरच मेलीं. त्यांतील कोणतें जगलें हें दाखविल्याशिवाय नोंद हा पुरावा होत नाहीं. स्थळवाचक आडनांवेंही त्यानें पुष्कळ गाळलीं आहेत.

हें खिंडार बुजविण्याचा प्रयत्न २०१६ मध्यें ऑक्सफर्डहून चार खंडांत प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन व आयर्लंड येथील कुलनामांच्या कोशांत झाला आहे. पॅट्रिक हँक्स, रिचर्ड कोट्स व पीटर मॅक्ल्यूर हे त्याचे संपादक असून पंचेचाळीस हजारांहून अधिक नांवें त्यांत आहेत. १८८१ च्या खानेसुमारींत एखादें आडनांव कोणत्या प्रांतांत दाटीनें होतें हें पाहून जुन्या नोंदीशीं त्याचा मेळ घालण्याची त्यांची पद्धति निःसंशय श्रेष्ठ आहे. तथापि हाही नांवांचा कोश आहे, कुळांचा नव्हे. ही मर्यादा वापरणारानेंच सांभाळावयाची आहे.

अर्थावरून कुळाविषयीं अनुमान करणें किती धोक्याचें, याचा अलीकडील दाखला ‘साइक्स’ या आडनांवाचा. यॉर्कशायरच्या बोलींत त्याचा अर्थ ‘ओढा’. ओढे पुष्कळ, तेव्हां त्या कांठचीं मूळ घराणींही पुष्कळ असावीं असें कोणीही म्हणेल. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या रक्तबीजाच्या परीक्षणांत बापाकडून मुलाकडे येणारें चिन्ह तपासतां, तपासलेल्या ४८ साइक्स पुरुषांपैकीं २१ जणांत तें एकच निघालें; त्यावरून एकाच मूळ पुरुषाकडे बोट दाखविलें गेलें. उलट स्मिथसारख्या नांवांत असें ऐक्य अर्थातच दिसत नाहीं. शब्दाच्या अर्थानें या दोहोंपैकीं कोणतीच गोष्ट आपणांस आधीं सांगितली नसती.

(६) कुलकथा, कायदा व वंश

इंग्लंडांत पुष्कळ घराणीं आपला पूर्वज १०६६ मध्यें विल्यमबरोबर आला असें सांगतात व बॅटल मठाच्या यादीकडे बोट दाखवितात. ती मूळ यादी नाहीं. सोळाव्या शतकांतील व नंतरच्या नकला आहेत, त्या एकमेकींशीं जुळत नाहींत आणि त्यांत मागाहून नांवें घुसडलेलीं आहेत. हेस्टिंग्सच्या रणांगणावर खात्रीनें हजर दाखवितां येतील अशीं नांवें फारच थोडीं आहेत. हॉलंडांत नेपोलियननें १८११ मध्यें आडनांव घेण्याची आज्ञा केली तेव्हां लोकांनीं थट्टेनें ‘नाक्तखेबोरेन’ म्हणजे ‘नागवा जन्मलेला’ अशीं नांवें घेतलीं, अशी कथा सांगतात. पण तें नांव त्या आज्ञेच्या पूर्वींच्या नोंदींत आढळतें, आणि बापाच्या मागें जन्मलेल्या मुलास लावावयाच्या शब्दाचें तें बिघडलेलें रूप मानतात. कथा गोड आहे. नोंद तिच्याहून जुनी आहे.

या गोष्टी केवळ करमणुकीच्या असत्या तर एवढा विस्तार केला नसता. १७८७ मध्यें ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ, १८०८ मध्यें नेपोलियन व १८१२ मध्यें प्रशियाचें सरकार यांनीं आपापल्या राज्यांतील यहुदी प्रजेस कायम आडनांवें घ्यावयास लावलीं. सरकारनेंच दिलेल्या व घेवविलेल्या या जर्मन नांवांमुळें पुढें नांवावरून माणूस ओळखेना. तेव्हां ऑगस्ट १९३८ मध्यें जर्मनीच्या नाझी सरकारनें हुकूम काढला कीं, ज्या यहुद्यांचीं नांवें ठराविक यादींतील नाहींत त्यांनीं १ जानेवारी १९३९ पासून पुरुष असल्यास ‘इस्राएल’ व स्त्री असल्यास ‘सारा’ हें नांव जोडावें. त्यानंतर काय झालें तें जगास ठाऊक आहे. नांव म्हणजे वंशाचा दाखला, या समजुतीची परिणति अशी झाली. म्हणून नामव्युत्पत्तीच्या अभ्यासकानें या समजुतीस तळटीपेंतसुद्धां थारा देऊं नये.

आपल्या जवळचें उदाहरण गोव्याचें. तेथील ‘रॉड्रिग्स’ या आडनांवाची व्युत्पत्ति अगदीं स्वच्छ आहे : रोद्रिगोचा पुत्र, आणि रोद्रिगो म्हणजे जर्मानिक ‘कीर्ति’ व ‘सत्ता’. हें नांव व्हिसिगॉथ लोकांबरोबर स्पेन-पोर्तुगालांत गेलें, तेथून सोळाव्या शतकांत गोव्यास आलें. ‘डिसोझा’ म्हणजे उत्तर पोर्तुगालांतील सोझा नदीकांठचा. पण हीं नांवें धारण करणारीं गोव्याचीं घराणीं गॉथ नव्हेत व बहुतेक पोर्तुगीजही नव्हेत. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें किंवा पाद्र्याचें आडनांव त्यांस मिळालें. त्यांचें पूर्वींचें नांव पाहावयाचें तर गांवकारीचे जुने कागद पाहिले पाहिजेत. कोश तुम्हांस सोझा नदीवर नेईल. कागद तुम्हांस साष्टीच्या शेतावर नेईल. दोन्ही माहित्या खऱ्या आहेत, परंतु घराण्याचा इतिहास दुसरीच सांगते.

(७) उपसंहार

वरील विवेचनावरून कागद संपादणाऱ्यांस व संग्राहकांस चार गोष्टींची विनंति करावीशी वाटते. पहिली, युरोपीय नांवाचा अर्थ देतांना सर्वांत जुनें ज्ञात रूप, साल व ठिकाण द्यावें. तें मिळत नसेल तर अर्थ देऊं नये. दुसरी, पदांचा अर्थ व नांव ठेवण्याचा हेतु वेगळे लिहावे. तिसरी, अर्थावरून कूळ, जात वा वंश यांविषयीं अनुमान करूं नये. त्यासाठीं वंशावळीचे व दप्तराचे स्वतंत्र पुरावे आणावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची व सर्वस्वीं आपल्या हातची आहे. मोडी कागदांत परकी नांव जसें असेल तसेंच, कान्यामात्रेसह, छापावें. ‘इष्टुर’ काढून त्या जागीं ‘स्ट्युअर्ट’ छापलें म्हणजे शुद्धि झाली असें समजूं नये. ओळख पटविणारें आधुनिक रूप टिपेंत द्यावें. तें परकी नांव एका मराठी कारकुनानें आपल्या कानांनीं ऐकलें व आपल्या लिपींत बसविलें. त्या दिवशीं तें कसें उच्चारलें जात होतें याची ती स्वतंत्र साक्ष आहे. फ्रान्समधील कारकुनानें एक ‘ब’ जास्त घातला त्याचा इतिहास युरोपांतील विद्वान् आज काळजीपूर्वक लिहितात. आपल्या कारकुनानें एक ‘इ’ जास्त घातली, तिची नोंद आपणच पुसून टाकली तर ती पुन्हां कोठूनही मिळणार नाहीं.